वितंडा आणि वाद

लांबलेल्या कुठल्याही भांडणाला आपण मराठीत ‘वितंडवाद’ म्हणतो. न्यायशास्त्राच्या दृष्टीने हा जोडशब्दच चमत्कारिक आहे. कारण तिथे वितंडा आणि वाद हे चर्चेचे दोन वेगळे प्रकार आहेत.

शास्त्र्यांपुढे बसून न्याय शिकण्याचा योग मला आला नाही. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ (पहिली आवृत्ती १८७५) आणि आठल्ये-बोडस यांची ‘तर्कसंग्रहा’ची १८९७ची मुंबई आवृत्ती, हेच माझे गुरू. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. त्यात शब्दच्छलही चालतो. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडत राहणे म्हणजे वितंडा.

वादाचा सांगाडा पाच अवयवांचा. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून तिथे अग्नी आहे, हे निगमन.

यातले स्वयंपाकघर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दृष्टांत असा हवा, की जो सामान्य माणसाला आणि परीक्षकाला सारखाच मान्य असेल, अशी सूत्रकाराची अट आहे. म्हणजे मतभेदाआधी दोघांची संमती असलेली एक तरी जागा हवी.

हेच अनुमान उलटे केले तर फसते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो सरपण ओले असल्यामुळे. अशी लपलेली अट म्हणजे ‘उपाधी’. ती शोधली नाही, तर हेतू खोटा ठरतो.

तरीही सूत्रकाराने जल्प-वितंडांना हाकलून दिलेले नाही. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्या लावतात, तसा त्यांचा उपयोग तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी करावा, असे तो म्हणतो. माझ्या मते या परवानगीतच तिची मर्यादाही आहे. ज्याने स्वतः काही पेरलेलेच नाही, त्याला हे कुंपण घालण्याचा अधिकार पोचत नाही. आपल्या भाषेने मात्र काट्यांनाच ‘वाद’ हे नाव जोडून दिले. आजच्या चर्चा ऐकताना अंकुर कोणता होता, हे आधी विचारायला हवे.