गिरणीच्या रिव्हेटपासून निकेलच्या जोडापर्यंत

सोलापूरला वाफ नवी नाही. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून वाफेवरच हे गाव पोसलं गेलं. पण त्या काळच्या गिरण्यांतली वाफ दोनशे अंशांच्या आसपासची, आणि बॉयलरचे पत्रे एकाच जातीचे, रिव्हेट मारून जोडलेले. गंज आणि पाण्यातले क्षार ही तिथली दुखणी. नुसत्या उष्णतेने धातू म्हातारा होतो, ही चिंता तेव्हा नव्हती.

आज शहराच्या दक्षिणेला फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. दोन्ही सुपरक्रिटिकल. अशा संचांत वाफ साडेपाचशे अंशांच्या वर जाते. सर्वांत तापणाऱ्या नळ्या स्टेनलेसच्या, आणि पुढचे जाड भाग क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे. सगळंच स्टेनलेस परवडत नाही. मग या दोघांची सोयरीक वेल्डिंगने जमवावी लागते, आणि आपला खरा विषय इथेच सुरू होतो.

परदेशी वीजकेंद्रांत हा जोड आधी स्टेनलेसच्याच रॉडने करत. नवा असताना पक्का! पण हजारो तास तापला की पोलादातला कार्बन क्रोमियमच्या ओढीने जोडाकडे सरकायचा आणि पोलादाची कड मऊ पडायची. त्यात स्टेनलेस तापल्यावर जास्त फुगतं, पोलाद कमी. बॉयलर बंद-चालू झाला की ताण पुन्हा त्याच कडेवर. म्हणून निकेल मिश्रधातूचा रॉड आला. त्याचं फुगणं पोलादाच्या जवळचं, आणि कार्बनची ये-जाही मंदावते. जोडाचं आयुष्य बरंच वाढलं.

दुखणं मात्र गेलं नाही. १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वापरातले जोड कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा निकेल आणि पोलादाच्या सीमेलगत कार्बाइडच्या कणांची रांग दिसली, माळेतल्या मण्यांसारखी. मण्यांभोवती बारीक पोकळ्या, आणि त्या एकमेकींना मिळाल्या की भेग. निकेलच्या भागातही स्फटिकांच्या कडांवर कार्बाइड साठतात, पण तुटतं ते बहुधा पोलादाच्या अंगाने. आमच्या मते, रॉड बदलून दुखण्याला मुदत मिळाली, एवढंच.

ती मुदत आता नव्याने मोजायला हवी. दुपारी सौरवीज भरपूर असते, म्हणून कोळशाच्या संचांना भार उतरवायला सांगतात आणि संध्याकाळी पुन्हा चढवायला. एकसारखं चालण्याच्या हिशेबाने बांधलेल्या बॉयलरांत प्रत्येक चढ-उतार त्या मण्यांच्या रांगेवरून जातो. वरून जोड चकचकीत दिसतो. आतून नळी फुटली, तर संच बंद करून बॉयलर निवायची वाट पाहावी लागते. मगच वेल्डरला आत उतरता येतं.