रांगत्या बाळाचे कपडे (कर्जत–खालापूर)

बाळ हात-गुडघे टेकून पुढे सरकू लागल्यापासून चालायला लागेपर्यंत घालायचे कपडे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार रांगण्याची सुरुवात ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही होते. काही निरोगी मुले न रांगताच उभी राहतात. या वयात बाळाचा सारा वावर जमिनीवर असतो. म्हणून कपडे जमीन आणि हवा पाहून निवडावेत.

जमीन : ठाकर-कातकरी वाड्यांतील सारवलेल्या जमिनीवर आणि जुन्या घरांतील कोब्यावर गुडघे खरचटतात, तेथे गुडघे झाकणारी मऊ सुती विजार बरी. कर्जत-खोपोलीच्या इमारतींतील गुळगुळीत लादीवर मोजे घसरतात. तेथे गुडघे व पावले उघडी असली, की पकड मिळते.

बेतणी : झबले कमरेपर्यंतच असावे. लांब फ्रॉकचा घेर गुडघ्याखाली अडकून बाळ तोंडघशी पडते. इलॅस्टिकचा वळ पोटावर उठू नये. सैल बटणे, टिकल्या, सेफ्टी पिना, लोंबणारे बंद व गळ्यातला दोरा टाळावा. हाती लागेल ते बाळ तोंडात घालते आणि दोरा अडकला तर गळा आवळतो.

ऋतुमान : सह्याद्रीच्या पायथ्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत जून ते सप्टेंबर कपडे लवकर वाळत नाहीत. दमट लंगोटाने जांघेत पुरळ उठते. त्यामुळे पातळ, लवकर वाळणारे जास्तीचे जोड ठेवून घालण्यापूर्वी इस्त्री फिरवावी. शेगडीवर टोपली उपडी घालून कपडे धुरावण्याची रीत टाळावी. धूर बाळाच्या श्वसनाला बाधतो. डासांच्या वेळी अंगभर पातळ कपडे घालावेत. उन्हाळ्यात घामोळ्यांमुळे बिनबाह्यांचे सुती झबले पुरते. थंडीत एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ घालावेत. चुलीच्या आसपास कृत्रिम धाग्याचे कपडे नसावेत.

जुने कपडे : आजीच्या वापरलेल्या सुती लुगड्याची दुपटी व झबली मऊ असतात, घामही टिपतात. ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले कपडे मात्र बाळाला घालू नयेत. या गोळ्यांतील नॅफ्थॅलीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

बोरन्हाण : संक्रांत ते रथसप्तमी या काळात बाळाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालतात. बाळाच्या डोक्यावरून ओतलेला हलवा, बोरे व शेंगदाणे घशात अडकण्याचा धोका असल्याने सोहळा होताच दागिने उतरवून जमीन झाडून घ्यावी.