बिनतारी इंटरनेट सेवादाता (लघु)

एखाद्या गावाला, खोऱ्याला किंवा शहराच्या कडेच्या वस्तीला रेडिओलहरींवरून इंटरनेट पुरवणारा स्थानिक व्यावसायिक. डोंगरमाथ्यावर, पाण्याच्या टाकीवर किंवा उंच गच्चीवर अँटेना बसवून तो आसपासच्या घरांच्या छपरांवरील छोट्या डिशपर्यंत जोडणी नेतो. गावात त्याला ‘नेटवाला’ एवढेच म्हणतात. त्याच्या ग्राहकाचे उपकरण एका जागी पक्के असते आणि लहरी बहुधा परवानामुक्त पट्ट्यातल्या असतात. मोबाइल सेवेपासून हा व्यवसाय वेगळा ठरतो तो या दोन गोष्टींमुळे.

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये काही रेडिओपट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले आणि या व्यवसायाचा पाया पडला. वायोमिंग राज्यातील लॅरमी येथे १९९२ मध्ये सहकारी तत्त्वावर सुरू झालेली ‘लॅरिएट’ ही जगातील पहिली बिनतारी सेवादाता मानली जाते. भारतात खासगी सेवादात्यांना १९९८ मध्ये वाट मिळाली. ‘क’ वर्गाचा परवाना ढोबळमानाने एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्राचा असल्याने लहान माणसालाही या धंद्यात उतरता आले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ मध्ये परवानामुक्त झाले. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर परिसरातील गावांत, दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी वापरूनही इंटरनेट पोचवता येते हे दाखवून दिले.

या धंद्याचे खरे कसब दृष्टिरेषा सांभाळण्यात आहे. दोन्ही टोके एकमेकांना नुसती दिसून भागत नाही. लहरीला रेषेभोवती मोकळी जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर १० किलोमीटरच्या जोडणीत ही जागा मध्यावर सुमारे ११ मीटर त्रिज्येची असते आणि तिच्यातले निदान ७ मीटर तरी अडथळ्यावाचून हवेत. चैत्र-वैशाखात सागाची पाने झडलेली असताना डिश लावली, की सिग्नल उणे ५५ डीबीएम दाखवतो आणि सगळे समाधानी होतात. आषाढात साग पानांनी भरतो, पाने भिजतात आणि तोच आकडा उणे ७५ वर जातो. म्हणजे हाती येणारी शक्ती शंभरावा हिस्सा उरते. ग्राहक म्हणतो, ‘पावसामुळे नेट गेलं’. वास्तविक ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला पाऊस फारसा अडवत नाही. अडवतात ती ओली पाने. हे ओळखून खांब दोन मीटर वर घेणारा नेटवाला ग्राहक टिकवतो.

मोठ्या कंपनीशी वेगात बरोबरी करणे त्याला शक्य नसते. एका अँटेनाची क्षमता तिच्यावरचे सगळे ग्राहक वाटून घेतात, त्यामुळे संध्याकाळी गती घसरते. फायबरला ही अडचण फार कमी भासते. त्याहून जाचक गोष्ट अशी, की गावोगाव वाटण्यासाठी लागणारी घाऊक बँडविड्थ त्याला अनेकदा प्रतिस्पर्ध्याकडूनच विकत घ्यावी लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि सुरुवातीचे काही महिने मोबाइल डेटा फुकट मिळाला. २०१९ मध्ये तिचे फायबर आले. तरीही खोदकाम न परवडणाऱ्या वाड्या नेटवाल्याकडेच राहिल्या. १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत जिओ एअरफायबर ही बिनतारी सेवा सुरू झाली आणि हा मार्गही नेटवाल्याच्या एकट्याचा उरला नाही. मोठ्या कंपनीच्या हाताशी लिलावात घेतलेल्या, संरक्षित लहरी असतात. नेटवाल्याच्या मोकळ्या पट्ट्यात मात्र शेजारच्या कोणत्याही वायफायची गर्दी होते आणि त्याबद्दल दाद मागायला जागा नाही. हा असमतोल धोरणकर्त्यांनी गांभीर्याने घ्यायला हवा.

त्याचे बळ आहे ते जवळ असण्यात. वीज कोसळून अडॅप्टर जळला, तर तो त्याच दिवशी नवा घेऊन येतो. कॉल सेंटरच्या तक्रार क्रमांकाला हे साधत नाही. दुग्धसंकलन केंद्र, शाळा, पेट्रोलपंप असे ग्राहक दरापेक्षा या खात्रीसाठी त्याच्याकडे राहतात. डोंगरावरच्या बॅटऱ्या आणि अर्थिंग यांची निगा हा त्याचा मोठा, बाहेरून न दिसणारा खर्च असतो.

जाणते सेवादाते बिनतारी जोडणीकडे पहिला टप्पा म्हणून पाहतात. एखाद्या आळीत पुरेसे ग्राहक जमले, की विजेच्या खांबांवरून तिथे स्वतःचे फायबर ओढायचे आणि छपरांवरून उतरवलेल्या डिश पुढच्या वाडीवर चढवायच्या.