‘कुतूहलार्थ प्रवास’ : अमेरिकेच्या पर्यटक-व्हिसाचा पूर्वेतिहास

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे अथवा मुलीकडे पाचसहा महिने राहून येणे ही गोष्ट पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गास आता नवलाची राहिलेली नाही. त्यासाठी करावयाच्या अर्जाची भाषाही घरोघरी परिचयाची झाली आहे. तथापि या अर्जात एक विसंगती आहे व तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी ती आहे. बोलावणे येते ते दीर्घ मुक्कामाचे. मुलीचे बाळंतपण, नातवंडाचे संगोपन, क्वचित् केवळ सहवास हे त्याचे कारण असते. अर्ज मात्र करावयाचा तो पर्यटक म्हणून. आपण तेथे जाऊन काय करणार हे सांगून अर्जदाराचे काम भागत नाही. आपण तेथे कायमचे राहणार नाही हे त्यास पटवून द्यावे लागते. न घडणाऱ्या गोष्टीची सिद्धता मागण्याची ही पद्धती कोठून आली?

ती २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर आली, असा एक समज आढळतो. दुसरा समज असा की, १९६५ च्या कायद्याने आशियातील लोकांस अमेरिकेचे दार उघडल्यावर येणाऱ्यांची संख्या वाढली व तिच्याबरोबर संशयही वाढला. हे दोन्ही समज अपुरे आहेत असे आम्हांस वाटते. कायद्यांचे मूळ शब्द पाहत मागे गेल्यास शोध थांबतो तो १८८४ या वर्षापाशी, आणि तेथे आपली गाठ पडते ती चिनी प्रवाशाशी.

त्याआधीची स्थिती थोडक्यात सांगतो. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांस व्हिसा लागला नाही. १८८२ च्या कायद्यान्वये उतारूंची तपासणी होत असे आणि वेडे, गुन्हेगार व स्वतःचा चरितार्थ चालविण्यास असमर्थ असे लोक परत धाडले जात. परंतु ही तपासणी बंदरावर होई, प्रवाशाच्या मायदेशी नव्हे. जुलै १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हाही व्हिसाची सार्वत्रिक अट नव्हती. प्रवासी कोण, तो किती काळ राहणार, परत जाणार की नाही, हे निघण्यापूर्वीच ठरविण्याची कल्पना तोवर बहुतेक परदेशीयांस लागू नव्हती.

ती लागू होती चिनी लोकांस. १८८० च्या तहान्वये अमेरिकेने चिनी मजुरांचे आगमन नियंत्रित करण्याचा अधिकार मिळविला. मात्र शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि ‘कुतूहलापोटी’ येणारे यांस मोकळीक राहावी असे त्याच तहात मान्य झाले. पुढे ६ मे १८८२ च्या कायद्याने मजुरांस दहा वर्षे बंदी घातली. बंदी आली की अपवाद कोण हे ठरविणे आलेच. मजूर आपणांस हौशी प्रवासी म्हणवून उतरला तर त्यास ओळखावे कसे?

१८८४ च्या दुरुस्तीतील सहावे कलम हे या प्रश्नाचे उत्तर होय. अपवादात मोडणाऱ्या चिनी माणसाने आपल्या सरकारचा दाखला आणावा, असे ते कलम सांगते. दाखला कुतूहलार्थ प्रवासासाठी असेल, तर अर्जदार अमेरिकेतून केवळ पार होणार की देशात हिंडणार हे त्यात नमूद असावे, आणि ज्या देशातून दाखला मिळवावयाचा त्या देशात त्याची सांपत्तिक स्थिती कशी आहे हेही नमूद असावे. शिवाय त्या दाखल्यावर तेथील अमेरिकी वकिलाने अथवा वाणिज्यदूताने शेरा मारावा, आणि तो मारण्यापूर्वी त्यातील विधानांचा खरेपणा स्वतः तपासावा. हा शेरा म्हणजेच व्हिसा. कलमात त्या अर्थाचे क्रियापदच योजिले आहे. आजच्या अर्जातील तीन गोष्टी, म्हणजे हेतूची पृच्छा, मायदेशातील मालमत्तेची चौकशी आणि परदेशातच वाणिज्यदूतापुढे होणारी परीक्षा, या एकाच कलमात एकत्र आलेल्या दिसतात. त्यांतील मालमत्तेची चौकशी विशेष विचारार्ह आहे. खर्चास पैसे आहेत का एवढेच विचारावयाचे असते, तर जवळची रोकड पाहून भागले असते. ‘स्वदेशात’ स्थिती कशी, असे विचारण्यात परतण्याच्या ओढीचे माप घेण्याचा हेतू आम्हांस दिसतो.

तात्पर्य, अमेरिकी कायद्यातील हा पर्यटक आतिथ्याच्या भावनेतून जन्मास आलेला नाही. तो एका बंदीचा अपवाद आहे, आणि ज्याच्यावर बंदी आहे तो आपण नव्हे, हे दाखविण्याचा भार पहिल्यापासून त्याच्याच शिरावर आहे.

चिनी लोकांसाठी घडविलेली ही चौकट हिंदी लोकांपर्यंत पोहोचली ती फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने. अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून संमत झालेल्या या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा निषिद्ध ठरविला व त्यात हिंदुस्थान आला. अपवादांच्या यादीत ‘कुतूहल अथवा मौज यांसाठी प्रवास करणारे’ पुन्हा आढळतात. जो अपवाद म्हणून आत आला त्याने तो दर्जा टिकविला नाही, तर त्याचे वास्तव्य बेकायदा समजून त्यास देशाबाहेर काढावे, ही तरतूदही तेथे आहे. त्याच वर्षाच्या जुलैत युद्धकालीन उपाय म्हणून परदेशीयांस सरसकट व्हिसाची अट लागू झाली. युद्ध संपले, अट राहिली.

१९२४ च्या कायद्याने ‘तात्पुरता आलेला पर्यटक’ हा स्थलांतरितांहून वेगळा वर्ग म्हणून नोंदला आणि त्याच्या मुक्कामाची मुदत नियमांनी ठरवावी, प्रसंगी जामीन घ्यावा, असे सांगितले. रवींद्रनाथांसारख्या जगन्मान्य कवीसही १९२९ मध्ये कॅनडातून अमेरिकेत जाताना आगमन-अधिकाऱ्यांच्या वर्तनाने इतका मनस्ताप झाला की, त्यांनी तेथील दौरा आटोपता घेतला.

१९४६ साली हिंदी लोकांस वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला, आणि १९६५ मध्ये देशवार कोट्यांची ती पद्धतीच रद्द झाली. बंदी गेली. पण तिच्या अपवादासाठी बनविलेली परीक्षा गेली नाही. उलट १९५२ च्या कायद्याने ती सर्व राष्ट्रांच्या लोकांस लागू होईल अशा सूत्रात बांधली होती. प्रत्येक परदेशीय हा स्थलांतरितच आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे त्याने वाणिज्यदूताचे समाधान होईल अशा रीतीने सिद्ध करावे, हे ते सूत्र. पर्यटकाचे स्वदेशात घर असावे आणि ते सोडण्याचा त्याचा इरादा नसावा, अशी व्याख्याही तेथेच आहे. या कलमाखाली नकार आला तर अपील नाही; पुन्हा अर्ज करता येतो इतकेच. सातबाराचा उतारा, घरपट्टीची पावती, बँकेचे पुस्तक असे बाड घेऊन आपली वडीलधारी मंडळी मुलाखतीस जातात ती या व्याख्येपायी. अधिकारी पुष्कळदा ते उघडूनही पाहत नाही, हा भाग निराळा.

नियमांतील ‘मौज’ या शब्दाची व्याप्तीही पाहण्यासारखी आहे. आप्तेष्टांच्या भेटी तीत मोडतात. तेव्हा रात्री जागून नातवंड सांभाळण्यासाठी गेलेली आजी कायद्याच्या दृष्टीने मौजेसाठीच आलेली असते!

दीर्घ मुक्कामाविषयी एक घोटाळा वारंवार होतो, तो दूर करणे इष्ट आहे. व्हिसावरील दहा वर्षांची मुदत ही दारापर्यंत जाण्याची मुदत होय, राहण्याची नव्हे. राहण्याची मुदत आगमनाच्या वेळी अधिकारी देतो. ती पर्यटकास सामान्यतः सहा महिने मिळते, एका वर्षाहून अधिक नसते, आणि वाढवून हवी असल्यास मुदतीच्या आत निराळा अर्ज करावा लागतो. एप्रिल २००२ मध्ये सहा महिन्यांचा हा प्रघात मोडून सामान्यतः तीसच दिवस द्यावेत असा प्रस्ताव निघाला होता. तो अंमलात आला नाही. मुदत उलटून राहिल्याची शिक्षा मात्र १९९६ च्या कायद्याने कडक केली. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून परतणारास तीन वर्षे, आणि वर्षभर वा अधिक राहणारास दहा वर्षे प्रवेशबंदी होते.

संशोधनाच्या दृष्टीने अडचण साधनांची आहे. चिनी बहिष्काराच्या काळातील प्रकरणांची दप्तरे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सॅन ब्रूनो व सिएटल येथील शाखांत अभ्यासकांस पाहता येतात. १९५२ नंतरच्या व्हिसा-अर्जांचे तसे नाही; ती कागदपत्रे त्याच वर्षीच्या कायद्याने गोपनीय ठरविली आहेत. आपल्याकडील अर्जदारांनी कोणते पुरावे जोडले, निमंत्रणाची पत्रे कशी लिहिली, कितींनी सहा महिन्यांची इच्छा असता अर्जात दोनच लिहिले, हे वकिलातीच्या दप्तरातून कळणारे नाही. ते कळेल अर्जांच्या ज्या नकला घरोघरीच्या कपाटांत पडून आहेत त्यांवरून. आणि ती पिढी आता वयाच्या ऐंशीकडे झुकली आहे.