अनुकूली फीडफॉरवर्ड नियंत्रण

चूक दिसल्यावर ती सुधारते ते फीडबॅक नियंत्रण. चुकीचे कारण आधीच मोजून उपाय योजते ते फीडफॉरवर्ड. अमेरिकन अभियंता हॅरोल्ड ब्लॅक यांनी ॲम्प्लिफायरसाठी १९२३ मध्ये फीडफॉरवर्ड आणि १९२७ मध्ये ऋण फीडबॅक मांडला.

पैठणला असलेले जायकवाडी धरण (१९७६) छत्रपती संभाजीनगर शहराची तहान भागवते. फीडफॉरवर्डची गरज तिथे लख्ख दिसते. वरच्या बाजूच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत किती पाणी सोडले हे कळले, की पूर पोहोचण्याआधीच धरणाच्या २७ दरवाजांचा निर्णय घेता येतो. पण ही प्रणाली अरेषीय आहे: दरवाजा तेवढाच उघडा असताना त्यावरील पाण्याची उंची चौपट झाली, तरी विसर्ग साधारण दुप्पटच होतो. शिवाय जूनचे कोरडे पात्र बरेच पाणी पिऊन टाकते, ऑगस्टचे भिजलेले पात्र त्याहून कितीतरी कमी.

म्हणून एकदा बसवलेले गणित पुरत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष आवक यांतील फरकावरून त्याचे गुणांक सतत बदलत राहणे, हाच ‘अनुकूली’ भाग आणि खरे कौशल्यही त्यातच. हा बदल फार वेगाने केला, तर मोजणीतल्या किरकोळ चुकाही खऱ्या मानल्या जातात. मधल्या खोऱ्यात अचानक कोसळलेल्या, न मोजलेल्या पावसासाठी फीडबॅक सोबत ठेवावाच लागतो.