आठवारी आणि नऊवारी

साहेबाने आपल्याला पुष्कळ काही दिले. क्रिकेट दिले, कटलेट दिले, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी दिली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. फक्त त्याच्या भाऊबंदांतल्या स्कॉटिश मंडळींनी आपला चुण्यांचा घागरा तेवढा स्वतःकडेच ठेवला. त्याला किल्ट म्हणतात. घागरा म्हटलेले त्यांना खपत नाही.

आता गंमत पाहा. उत्तम किल्टला आठ वार कापड लागते. माझ्या आजीच्या लुगड्याला नऊ. म्हणजे एका वाराचा हिशेब सोडला, तर स्कॉटलंडचा डोंगरी गडी आणि आमची आजी एकाच दुकानाचे गिऱ्हाईक! त्याच्या निऱ्या मागे, हिच्या पुढे. तो गुडघ्यापाशी थांबला, ही घोट्यापर्यंत गेली, एवढाच काय तो फरक.

साम्य इथेच संपत नाही. मूळचा किल्ट शिवलेला नव्हताच. लोकरीचे मोठे थोरले कापड जमिनीवर पसरायचे, हाताने चुण्या घालायच्या, त्यावर आडवे व्हायचे आणि पट्टा आवळून उठायचे. आजी निदान उभ्याने तरी नेसायची. अठराव्या शतकात त्या कापडाचा वरचा भाग गळाला आणि आखूड किल्ट आला. ही युक्ती थॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंडवाल्याची, असे सांगतात. स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख आणि अक्कल इंग्रजाची, हे तिकडच्या लोकांच्या घशाखाली अजून उतरलेले नाही.

१७४५ साली डोंगरी लोकांनी बंड केले. ते मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने या पोशाखावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. फौजेतल्या शिपायांना तेवढी सूट. १७८२ मध्ये बंदी उठली, आणि १८२२ मध्ये ज्याच्या पणजोबाच्या राज्यात ती घातली गेली तो चौथा जॉर्ज खुद्द किल्ट घालून एडिंबरात मिरवला. मधल्या काळात कुणा शहाण्याने रोजची कटकट नको म्हणून चुण्या कायमच्या शिवून टाकल्या होत्या. आज जगभर ‘पुरातन परंपरा’ म्हणून मिरवते ती ही शिवलेली सोय.

हे सगळे मी डोंबिवलीत बसून का सांगतो आहे? कारण तोच इतिहास आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडला. १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची शोभायात्रा काढली. पुढे गावोगावी यात्रा निघू लागल्या. मुलींना नऊवारी हवी, पण नेसता कुणाला येते? मग निघाली शिवलेली नऊवारी. पाय घाला, नाडी बांधा, चला फडके रोडवर! माझ्या मावशीने ती पाहिली आणि म्हणाली, “हिला नऊवारी म्हणतात होय? ही तर विजार!”

या विजारीचा एक कारखाना धावत्या लोकलमध्ये होता. तिथे मला प्रवेश नाही. माहिती सगळी आमच्या हिची. डोंबिवली ते बोरीबंदर ४८ किलोमीटर. बायकांच्या डब्यात एवढ्या अंतरात भाजी निवडून होते, स्वेटरची बाही उतरते, साडीला फॉल लागतो. १९९२ मध्ये कल्याणहून महिला स्पेशल सुरू झाली तेव्हा तर दिवाणखानाच मिळाला. हिची एक मैत्रीण पाडवा जवळ आला की निऱ्या घेऊन बसायची. मशीन काही गाडीत नेता येत नाही. सगळा हातचा धावदोरा. पूर्वी जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की सुई थांबे, ठाणे आले की पुन्हा चाले. काठाला काठ जुळला नाही तर कुर्ल्याला उसवायचे आणि दादरपर्यंत पुन्हा घालायचे. ऑफिसात आठ तास, घरी स्वयंपाक. स्वतःचा म्हणावा असा वेळ या गाडीतच, आणि तोही ती दुसऱ्याच्या निऱ्यांत घालवायची. मुलाची फी त्यातून निघायची.

“नेसण्याची कला मेली,” असे मावशी म्हणते. मला वाटते, मेली नाही, तिने हात बदलले. नेसणारीच्या हातातली कला शिवणारीच्या बोटांत गेली.

स्कॉटलंडातही तेच झाले. तिथे चांगला किल्ट अजून हातानेच शिवतात. चौकड्यांची नक्षी प्रत्येक चुणीवर न तुटता पुढे जावी म्हणून कारागीर दिवस घालवतो. त्याला लोक परंपरेचा राखणदार म्हणतात आणि मागेल ती किंमत मोजतात.

आमच्याकडे गिऱ्हाईक काय म्हणते? “अहो ताई, नुसत्या निऱ्याच तर आहेत. पन्नास कमी करा की!”