सुई आत गेल्यावर

विज्ञानाच्या इतिहासात मला यशाच्या गोष्टींपेक्षा गाडी अडली त्या जागा जास्त आवडतात. अशी एक जागा १९५० च्या आसपासच्या फ्रान्समध्ये आहे.

आंद्रे गिनिए यांचा विद्यार्थी रेमाँ कास्तँ याला धातूच्या एका बारीकशा ठिपक्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत, हे तुकडा न विरघळवता ओळखायचं होतं. प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण वेगळे, जणू त्याची सही, हे मोझलेनं १९१३ मध्येच दाखवलं होतं. मग इलेक्ट्रॉनांचा झोत सुईसारखा बारीक करायचा, ठिपक्यावर रोखायचा आणि सही वाचायची! कास्तँनं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फेरफार करून असं यंत्र बनवलं. १९५१ चा त्याचा प्रबंध त्यावरच आहे.

पण सुई बारीक करून भागेना. लोकलच्या दारातून आत ढकललेली माणसं गर्दीत कुठेही फेकली जातात, तसे घन पदार्थात शिरलेले इलेक्ट्रॉन अणूंवर आपटून पसरतात. त्यामुळे क्ष-किरण टोकाएवढ्या जागेतून न येता साधारण मायक्रॉनभर रुंद आणि तेवढ्याच खोल भागातून येतात. (तुमचा केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो.) २० हजार व्होल्टच्या झोताची मजल ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ मायक्रॉन, लोखंडात दीडेक, सोन्यात एकाहून कमी. व्होल्टेज वाढवलं की खोली वाढते.

ही खोली नीट माहीत नसेल तर टक्केवारी म्हणजे अंदाजपंचे, कारण खोलवर जन्मलेले क्ष-किरण बाहेर येता येता वाटेतच शोषले जातात. म्हणून १९५५ मध्ये कास्तँ आणि देकां यांनी एक साधी युक्ती केली, आणि मला ती यंत्रापेक्षाही सुंदर वाटते. एका धातूत दुसऱ्या धातूचा अतिशय पातळ थर वेगवेगळ्या खोलीवर पुरायचा आणि फक्त त्या थराचे क्ष-किरण मोजायचे. सर्वाधिक क्ष-किरण पृष्ठभागावर नाही, तर थोडे खाली तयार होतात, असं दिसलं. आत शिरताना इलेक्ट्रॉन सरळ असतात. आपटल्यावर तिरपे जातात, म्हणून तेवढ्याच जाडीच्या थरात त्यांची वाट लांबते आणि जास्त अणूंशी गाठ पडते. त्याखाली मात्र त्यांची ऊर्जा संपत जाते. लोखंडाची मुख्य सही उमटायला सुमारे ७,१०० इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. त्याहून कमी उरले की इलेक्ट्रॉन नुसता भटकतो.

१९६९ मध्ये अपोलो ११ नं आणलेले चंद्रावरचे खडक याच जातीच्या यंत्रांखाली गेले. मायक्रॉनहून लहान दाण्यावर झोत रोखला, की शेजाऱ्याची सही तिथेही मिसळायचीच.